पापड वाळवणारी कंपनी

पापड लाटून एकावर एक ठेवले की चिकटतात. मध्ये पिठी भुरभुरवली की सुटे राहतात. किश्श्यांचंही तसंच आहे. आमच्या चाळीमागे ती कंपनी आल्यापासून इतके किस्से साचलेत की एक उचलायला जावं तर त्याला चिकटून दोन वर येतात. म्हणून म्हटलं, पिठी लावून एकेक वेगळा करून ठेवावा. मला लिहिता येत नाही. मी बोलते, ते नातीच्या फोनमध्ये आपोआप उतरतं, मग ती मला वाचून दाखवते. चुकलं असेल तर मी ओरडते. फोन ऐकून घेतो. नात घेत नाही.

आधी माणसं सांगते. आमची चाळ मुलुंडची. मागच्या भिंतीपलीकडे पूर्वी रंगाची फॅक्टरी होती. माझे यजमान तिथे होते आणि शेजारच्या खोलीतला अनंताही. अनंताची बायको सुलभा, तिचा पापड-कुरडयांचा धंदा. लाटायला मी आणि पारू. पारू माझ्याच वयाची, तोंड विळीसारखं. अनंताने रंगाच्या पिंपांमध्ये आयुष्य काढलं, रिटायर झाला आणि फुप्फुसं तिथेच ठेवून घरी आला. आता त्याच्या नाकाला नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. ते लाइटवर चालतं. लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरची बॅटरी मालकापेक्षा म्हातारी. एवढं ध्यानात ठेवा, बाकी हसण्यावारी नेलं तरी चालेल.

०

फॅक्टरी पाडली आणि तिथे एक इमारत उभी राहिली. उंच, राखाडी, खिडकी एक नाही. चाळीत तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं थेटर, कुणी म्हणालं सफरचंदं ठेवायचं कोल्ड स्टोरेज. पारू म्हणाली, "खिडकी नाही म्हणजे जेल. बघा तुम्ही."

शेवटी गेटवरच्या जाधव वॉचमनला गाठलं. साताऱ्याकडचा माणूस, चहाला कधी नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "आजी, आत माणसं कमी, मशिनंच जास्त. कपाटासारखी रांगेत उभी. लोक फोनवर विचारतात ना, निबंध लिहून दे, चित्र काढून दे, ते सगळं ही मशिनं करून देतात."

"दिवसभर?"

"चोवीस तास. आणि डोकं तापतं म्हणून एसीपण चोवीस तास. आपली गल्ली आणि बाजार मिळून खाणार नाही एवढी वीज हे एकटं खातं."

पारूने बशी खाली ठेवली. "गारव्यात बसायचं, लोकांना अक्कल शिकवायची आणि कामाला हात लावायचा नाही. आमच्या ह्यांनी जन्मभर तेच केलं. त्यांना कुणी बिल्डिंग नाही बांधून दिली."

०

एवढी वीज खायची तर वायरही तशीच हवी. गल्ली खणली. केबल आली ती माझ्या मांडीएवढी जाड, मोठ्या लाकडी चाकाला गुंडाळलेली. आम्ही सगळ्या बघायला. पारू म्हणाली, "ह्याच्यातून करंट येणार की म्हैस?"

गल्ली बुजवली. परत खणली. परत बुजवली. मग आणखी एकदा खणताना जेसीबीचा दात आमच्या चाळीच्या जुन्या केबलला लागला आणि भरदुपारी सगळ्या खोल्यांतले पंखे थांबले.

अनंताचं मशीन इन्व्हर्टरवर गेलं. थोड्या वेळाने इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला. सुलभाने कोपऱ्यातला छोटा सिलिंडर नळीला जोडला, मला म्हणाली, "काकी, ह्यांच्याजवळ बसा," आणि पिठाच्या हातांनीच गेटवर गेली. मागणं एवढंच की भिंतीवरून एक वायर टाका, आमची लाइट येईपर्यंत. तुमच्याकडे तर सगळं लखलखतंय.

जाधवने आत फोन लावला. ऐकून घेतलं. मग स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "ताई, बाहेर वायर देता येत नाही म्हणतात. पापणी लवेपर्यंतसुद्धा आतल्या मशिनचा करंट जाता कामा नये, असा नियम आहे."

सुलभा म्हणाली, "माझ्या घरातल्या मशीनलाही तोच नियम आहे."

सिलिंडर पुरला, लाइट आली, तो दिवस निभावला. सुलभा परत आली तेव्हा अनंताने डोळे उघडून विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

अनंता एका दमात बोलू शकत नाही. दोन शब्द, मग थांबा, मग दोन शब्द. तसाच म्हणाला, "एवढी मशिनं... उत्तरं द्यायला बसवलीत. आणि उत्तर काय... तर नाही."

०

आता पापडांचं.

चाळीची पाण्याची टाकी मागच्या भिंतीला लागून आहे. तिच्यावर सपाट स्लॅब, वर पत्रा. तिथे ऊन म्हणून कधी पोचत नाही. एकदा श्रावणात मी माझं ओलं लुगडं तिथे टाकलं, दुसरीकडे जागाच नव्हती म्हणून. भाजी निवडून उठले तर लुगडं कडकडीत. हात लावला तर इस्त्रीखालून काढल्यासारखं गरम.

भिंतीपलीकडे कंपनीचे मोठमोठे पंखे आहेत. मशिनांच्या डोक्यातली उष्णता बाहेर फेकतात. कुठे फेकतात? आमच्या टाकीवर. उन्हाळ्यात त्या बाजूच्या खोल्यांचा तंदूर होतो, लोक शिव्या घालतात. पण पावसाळ्यात?

मी सुलभाला बोलावलं. तिने स्लॅबवर हात धरला, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी स्लॅब धुऊन, चादर अंथरून तांदळाचे पापड घातले. बाहेर पाऊस धो धो आणि आमचे पापड वाळून टणटणीत. कंपनीतली मशिनं जगाला निबंध लिहून देत होती आणि जाता जाता आमचा घाणा काढत होती.

गणपतीच्या आधी ताजे पापड फक्त आमच्याकडे. बाजारातला वाणी चक्रावला. म्हणाला, "मावशी, ऐन पावसात पापड वाळवता कसे?"

पारू पिशवी बांधत म्हणाली, "आमच्याकडे एआय आहे."

०

पापडांवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पारूला अक्कल सुचली.

तिच्या भाच्याने गावाहून बांगडे आणले होते. पारूने ते मीठ लावून टाकीवर ओळीने मांडले. पंखे आपले फुंकतायत, बांगडे आपले सुकतायत. अर्धा दिवस ठीक गेला. मग वारा फिरला. वास भिंतीवरून उलटा कंपनीत शिरला आणि हवा आत खेचणारी जी काय जाळी असते तिच्यातून थेट मशिनांच्या खोलीत.

आत काय झालं ते जाधवने नंतर सांगितलं. थंडगार खोलीत अचानक मेल्याचा वास. एक म्हणाला वायर जळतेय. दुसरा म्हणाला उंदीर मेलाय. कपाटं हलवता येत नाहीत, बंद करता येत नाहीत, म्हणून शिकलेली पोरं गळ्यात कार्ड अडकवून, बॅटऱ्या घेऊन जमिनीवर पालथी. उंदीर काही सापडेना. उंदीर असता तर सापडला असता.

दुपारी मोठे साहेब स्वतः चाळीत आले. बूट चकचकीत, कपाळाला आठ्या. "मागे काय वाळत घातलंय तुम्ही? आत कोट्यवधींची सिस्टिम आहे. हे ताबडतोब बंद झालं पाहिजे. हे चालणार नाही."

पारू म्हणाली, "तुमची हवा आमच्या घरात येते ती चालते. आमची तुमच्याकडे गेली तर चालत नाही?"

साहेब आणखी काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. टाकीच्या बाजूला बघितलं. नाक जरासं वर केलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "खारो बांगडो मालवणचो, काय वेंगुर्ल्याचो?"

आडनाव सावंत निघालं. पारूने त्यांना चार बांगडे कागदात बांधून दिले आणि बाकीचे टाकीवरून उचलले. त्यानंतर मासे नाहीत, फक्त पापड, असा करार झाला. सावंतसाहेब अधूनमधून चहाला यायला लागले. अनंताच्या खाटेशी बसायचे. कंपनीत त्यांच्या बसायच्या जागी पूर्वी कुठलं पिंप होतं ते अनंता त्यांना सांगायचा. पिवळ्या रंगाचं. पण वायरीचं विचारलं की साहेब म्हणायचे, "काकी, ते माझ्या हातात नाही. वरून परवानगी लागते." आणि चहा संपवायचे.

०

उन्हाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज उतरतं. ट्यूब लुकलुकते, पंखा दमल्यासारखा फिरतो. अशा वेळी अनंताचं मशीन वेगळाच आवाज काढतं आणि सुलभा लाटणं खाली ठेवते.

एकदा असंच चालू होतं. माझी नात ऋतुजा फोनवर कॉलेजचा काहीतरी निबंध करून घेत होती. मी विचारलं, "हे उत्तर येतं कुठून?"

"कुठल्यातरी डेटा सेंटरमधून. आपल्या मागे आहे ना, तसल्या."

"म्हणजे तू विचारलंस की तिकडे करंट खर्च होतो?"

"होतो की. भरपूर."

झालं. पारूने हे ऐकलं. ट्यूब लुकलुकतेय, अनंताचं मशीन घरघरतंय आणि ही कार्टी निबंध मागतेय! पारू मधल्या पॅसेजमध्ये उभी राहून सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोण विचारतंय गं प्रश्न? बंद करा ते फोन. अनंताचा करंट जातोय."

ऋतुजाने डोकं फोडून घेतलं. असं नसतं, आजी. आपली लाइन वेगळी, त्यांची वेगळी. आपला प्रश्न कदाचित परदेशातल्या मशीनकडे जातो. पण चाळ ऐकते कुणाचं? नियम झाला. व्होल्टेज उतरलं की मोबाइलला प्रश्न विचारायचा नाही. ज्याला काही अडलं असेल त्याने काकींना विचारावं. म्हणजे मला. माझ्याकडे लोक हिशेबाची गणितं घेऊन यायला लागले. मी म्हणायचे, थांबा, लाइट येऊ दे.

नियम सगळ्यांनी पाळला. तरी ट्यूब लुकलुकायचीच. पारूला खात्री की कुणीतरी चोरून विचारतंय. एका दुपारी ती दबक्या पावलांनी खोल्या हिंडत आली आणि चोर पकडला. अनंताच. खाटेवर भिंतीकडे तोंड करून, फोन ओठांशी धरून पुटपुटत होता.

"तुझ्यासाठी आख्खी चाळ गप्प बसलीय आणि तूच? काय विचारतोस एवढं?"

अनंताने फोन पालथा घातला. सुलभा पीठ मळत होती, तिचा हात थांबला. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज बारीक केला, पण दहा बाय बाराच्या खोलीत बारीक आवाज कुठे जाणार. म्हणाला, "विचारलं... ह्या फुप्फुसांवर... माणूस किती वर्षं काढतो."

पारूने विचारलं, "काय म्हणालं?"

"म्हणालं... तुमच्या डॉक्टरांना विचारा." अनंताने दम घेतला. "एवढी वीज खाऊन... शेवटी डॉक्टरांचंच नाव."

०

हा छोटा आहे.

आम्ही जुन्या बायका. संध्याकाळी लाइट लावली की बटणावरचा हात काढून आधी नमस्कार करतो. दिवेलागणीची सवय. विजेचा दिवा झाला म्हणून काय झालं. मी जाधवला विचारलं, "तुमच्याकडे दिवा कधी मालवतच नाही. मग तुम्ही हात जोडता कधी?"

जाधव म्हणाला, "आजी, आमच्याकडे लाइटचं बिल आलं की साहेब हात जोडतात."

०

आता शेवटचा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, आम्ही पाट्याची, विळीची, लाटण्याची. ज्याची पूजा, त्याला त्या दिवशी सुट्टी. फॅक्टरीत त्या दिवशी सगळी मशिनं बंद. धुऊनपुसून, हळदकुंकू, झेंडूचे हार. वर्षभर कानठळ्या बसवणारी फॅक्टरी त्या दिवशी इतकी शांत व्हायची की भिंतीअलीकडे आम्हाला नारळ फुटलेला ऐकू यायचा. पूजेचा मान अनंताचा होता. कारण बाकीच्यांना मंत्र येत नव्हते आणि त्याला दोन येत होते.

यंदा सावंतसाहेबांच्या मनात आलं की कंपनीतही पूजा करावी. कोकणातला माणूस, नवमीला हत्याराला कुंकू लावलं नाही तर त्याला वर्षभर रुखरुख लागणार. वर विचारलं. वरून उत्तर आलं, आत उदबत्ती नाही, पाणी नाही, नारळ नाही, फुलाची पाकळी नाही. आणि मशीन बंद करायचं तर नावच काढू नका. काय करायचं ते गेटवरच्या केबिनमध्ये करा.

साहेब अनंताकडे आले. "काका, जागेवरचा जुना मान तुमचा. गेटवर याल?"

अनंता म्हणाला, "येतो. पण मी एकटा... कुठे जात नाही. माझं मशीनही येईल. प्लग लागेल."

साहेबांच्या कपाळाला पहिल्या दिवशीसारख्या आठ्या पडल्या. बाहेरची कुठलीही वस्तू कंपनीच्या लाइनवर लावायची नाही, असा नियम होता. साहेब अनंताच्या मशीनच्या प्लगकडे बघतायत, अनंता साहेबांकडे. तेव्हा साहेबांबरोबर आलेला जाधव सहज म्हणाला, "साहेब, पूजेचं साहित्य आहे ते. गुरुजी आपलं साहित्य आणतातच की."

साहित्य म्हणून मशीन गेटातून आत गेलं.

नवमीच्या दुपारी आम्ही सगळ्या गेटवर. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, म्हणून निघता निघता टाकीवर पापडांचा मोठा घाणा घालून आलो होतो. अनंता खुर्चीत, अंगात धुतलेला सदरा, नळी नाकाला, मशीन शेजारी कंपनीच्या करंटवर घरघरतंय. समोर पाट, पाटावर एक पकड, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि आतून आणलेला जुन्या कॉम्प्युटरचा एक पत्रा. अनंताने दोन मंत्र म्हटले. पूर्वी एका दमात म्हणायचा. आता त्याला बराच वेळ लागला. साहेब हात जोडून उभे.

मंत्र संपतायत तोच चाळीतून गलका ऐकू आला. लाइट गेली. उन्हाने कुठलीतरी केबल बसली असणार. चाळीतले पंखे, टीव्ही, सगळं गप्प.

सुलभाने चाळीकडे बघितलं. मग केबिनमधल्या दिव्याकडे. तो तसाच जळत होता. मग अनंताच्या मशीनकडे. ती खाली पायरीवर बसली आणि बसूनच राहिली. पारूने तिच्या पाठीवर हात ठेवला. पारूला असं करताना मी पहिल्यांदा बघितलं.

साहेबांच्या हातात झेंडूचा हार होता. पाटावरच्या पत्र्याला घालायला वाकले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळले आणि तो हार त्यांनी अनंताच्या मशीनला घातला. हळद लावली, कुंकू लावलं. आणि घालून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"काका," ते म्हणाले, "पूजेला मशीन बंद ठेवायचं असतं ना?"

अनंताने हाराकडे बघितलं, मग मागच्या त्या बिनखिडकीच्या इमारतीकडे बघितलं. दम घेतला.

"तुमची बंद करा," म्हणाला. "माझं... चालू राहू दे."

जाधव हसला. मीही हसले. सावंतसाहेब हसले नाहीत. पाटाला नमस्कार केला, बूट घातले आणि गळ्यातलं कार्ड दाराला लावून आत गेले.

लाइट यायला संध्याकाळ झाली. तोवर अनंता गेटवरच बसला, प्रसादाचं खोबरं खात. दिवेलागणीला आम्ही पापड काढायला टाकीवर गेलो. भिंतीपलीकडचे पंखे थांबलेले होते. पारूने पहिला पापड उचलला आणि तो तिच्या बोटांवर ओल्या फडक्यासारखा लोंबला.

सगळा घाणा तसाच होता, दुपारी घातला तसा.